आकडा चाळीसचा, पण खाली काय?

(स्की हंगामाच्या तोंडावर आलेल्या निवडक पत्रांना या वेळी उत्तरं. उत्तरं देणाऱ्या ताई अनेक वर्षं स्की पट्रोलमध्ये, म्हणजे उतारांची सुरक्षितता आणि जखमींची मदत बघणाऱ्या पथकात, होत्या.)

ताई, आमच्या जवळच्या स्की रिसॉर्टनं येत्या शनिवारी लिफ्ट सुरू होणार असं जाहीर केलंय. वर 40 सेंटिमीटर बर्फ, पायथ्याशी 15, असा आकडा दिलाय. मला मध्यम दर्जाचं स्कीइंग जमतं. आठवड्याची रजा मंजूर आहे. जाऊ का?

जा, पण एका दिवसासाठी. आठवड्याची रजा आत्ता खर्चू नका.

40 सेंटिमीटर म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाचे? काल रात्री पडलेला ताजा, कोरडा बर्फ म्हणजे नव्वद टक्के हवा. तो 40 सेंटिमीटर वितळवून पाहिला तर जेमतेम 4 सेंटिमीटर पाणी हाती लागतं. त्यावरून ग्रूमर, म्हणजे उतार दाबून सपाट करणारं ते अजस्र यंत्र, दोनदा फिरलं की 40 चे पंधरा-सोळा उरतात. तेच 40 सेंटिमीटर स्नो गनमधून, म्हणजे पाणी फवारून बर्फ बनवणाऱ्या यंत्रातून, आलेले असतील तर गोष्ट वेगळी. त्या बर्फाचं वजन घनमीटरला 400 ते 500 किलो भरतं आणि तो गर्दी सोसतो. आकडा सारखाच, पण एकावर तुमच्या स्कीचा तळ सुखरूप राहील आणि दुसऱ्यावर खरवडून निघेल.

दुसरा प्रश्न, त्या बर्फाखाली काय आहे? उन्हाळ्यात गवत कापून ठेवलेल्या सपाट उतारावर 20-30 सेंटिमीटर दाबलेला बर्फ पुरतो. गुडघ्याएवढे दगड पसरलेल्या उतारावर मीटरभर पडला तरी मी उतार बंद ठेवणारी दोरी काढायला राजी नसे. सकाळी लिफ्ट सुरू व्हायच्या आधी आम्ही काठी उलटी धरून मुठीच्या बाजूनं बर्फात खुपसत जायचो. मऊ लागली तर पुढे. ‘टक्’ आवाज आला की तिथे बांबू. तुम्हाला उतारावर दोन बांबू फुली मारून रोवलेले दिसले तर समजा, तिथे दगड, मातीचा डाग किंवा पाण्याचा पाट उघडा पडला आहे. हंगामाच्या सुरुवातीला असे बांबू भरपूर दिसले तर मला बरं वाटतं, म्हणजे पट्रोल काम करतंय. पातळ बर्फ असून एकही बांबू नसेल तर मी जास्त जपून उतरते.

मोजपट्टी कुठे रोवली आहे हेही बघा. ती वारा न लागणाऱ्या सपाट जागी असते. त्यात फसवणूक नाही, मोजायची रीतच तशी आहे. पण तुम्ही उतरणार उघड्या सोंडेवरून, जिथला बर्फ वाऱ्यानं केव्हाच उचलून पलीकडच्या घळीत नेऊन टाकलेला असतो.

तेव्हा निघण्याआधी फोन करा आणि तिकीट खिडकीवर न बोलता पट्रोलच्या खोलीत जोडून मागा. ‘किती टक्के रिसॉर्ट उघडलंय’ हे विचारू नका, त्या टक्क्यांना काही अर्थ नसतो. कोणते रन, म्हणजे स्कीइंगचे आखलेले उतार, उघडे आहेत ते नावानिशी विचारा. वरून थेट पायथ्यापर्यंत स्की करत येता येतं, की शेवटचा टप्पा लिफ्टनं उतरावा लागतो? काल रात्री ग्रूमिंग झालं का? पायथ्याला 15 सेंटिमीटर असतील तर बहुधा लिफ्टनंच उतरावं लागेल. त्यात कमीपणा काही नाही, फक्त रांगेचा वेळ धरून चला.

बहुतेक ठिकाणी पहिल्या शनिवारी एकच पट्टा उघडतो. दोन्ही बाजूंना तपकिरी गवत, मधे पांढरी पट्टी आणि तिच्यावर झाडून सगळे लोक, पहिल्यांदा स्की लावणाऱ्यापासून शर्यतीच्या सरावाला आलेल्यापर्यंत. तिथे लांब, रुंद वळणं घ्यायला जागा नसते. छोटी वळणं घ्या, कडेच्या दोन हातात जाऊ नका (तिथेच बर्फ सर्वांत पातळ असतो) आणि थांबायचं झालं तर वरून येणाऱ्याला दिसाल अशा जागी थांबा. पहिल्या लिफ्टसाठी पहाटेपासून रांग लावण्याचा अट्टहास मला कधी पटला नाही. रात्री गोठलेला यंत्राचा बर्फ पहिला तासभर टणक असतो. थोडं ऊन लागलं की सैल पडतो, दुपारपर्यंत मजा येते. मग वरची भुकटी वळणांनी कडेला सारली जाते आणि मधे निळसर, घोटीव पट्टे उघडे पडतात. तोवर तुमच्या मांड्याही दमलेल्या असतात आणि सूर्य डोंगराआड गेल्यानं उंचसखल दिसेनासं होतं. हे तिन्ही एकाच वेळी येतं म्हणून सांगते, दुपारी दोनला स्की काढा.

आणि जाहीर झालेल्या तारखेवर फार विसंबू नका. स्कीइंगच्या वर्ल्ड कपच्या आयोजकांनाही निसर्ग जुमानत नाही. सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या झरमाटच्या बाजूला आणि शेवट इटलीत चेर्विनियाकडे, अशी मॅटरहॉर्नजवळची नवी डाउनहिल शर्यत 2022 मध्ये व्हायची होती. खालच्या भागात बर्फ पुरेसा नव्हता, सगळ्या शर्यती रद्द झाल्या. 2023 मध्ये पुन्हा घाट घातला, तर बर्फ आणि वारा इतका की त्याही वर्षी एकही शर्यत झाली नाही. पुढच्या वर्षी ती वेळापत्रकातूनच गेली.

पारा शून्याच्या खाली असूनही आमच्याकडच्या स्नो गन बंद होत्या. दुसऱ्या दिवशी शून्याच्या वर असताना मात्र चालू दिसल्या. रिसॉर्टवाले वीज वाचवतात की काय?

वाचवत असतीलही, पण इथे दोष हवेतल्या ओलाव्याचा आहे. स्नो गन चालवणारा माणूस साधा पारा बघतच नाही. तापमापकाच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळलं तर पारा जिथे उतरून थांबेल, तो आकडा तो बघतो. हवा कोरडी असेल तर फडक्यातलं पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. गनमधून फवारलेल्या थेंबाचंही तसंच होतं. हा ओला आकडा साधारण उणे 2 च्या खाली गेला की काम सुरू करता येतं. उणे 6-7 ला जोर धरतं.

आता तुमच्या दोन रात्री बघा. हवा उणे 1 आणि आर्द्रता 95 टक्के असेल तर ओला आकडा उणे सव्वाच्या आसपास घुटमळतो. गन लावल्या तर उतारावर चिखल होईल. दुसऱ्या रात्री हवा 2 अंश पण आर्द्रता 20 टक्के असेल तर ओला आकडा उणे 3 पर्यंत उतरतो, गन खुशाल चालतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन दरीत उतरते, त्यामुळे कधी कधी पायथ्याच्या गन चालू आणि वरच्या बंद असाही उलटा प्रकार दिसतो.

ही युक्ती 1950 ची. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये वेन पिअर्स आणि त्याचे भागीदार स्की बनवत होते. हिवाळा कोरडा गेला तर स्की घेणार कोण, या चिंतेतून त्यांनी दाबलेली हवा आणि पाणी एकत्र फवारून पाहिलं. आज 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकसारखी अख्खी स्पर्धा जवळपास पूर्णपणे अशा बर्फावर होते. एक घनमीटर पाण्याचा दोन ते अडीच घनमीटर बर्फ होतो, म्हणजे एक पट्टा उघडायचा तरी तळ्यातून किती पाणी उपसावं लागतं याचा अंदाज करा. म्हणून मी गनच्या बाजूची असले तरी ओला आकडा काठावर असताना रात्रभर गन पेटवून ठेवणाऱ्यांच्या बाजूची नाही. अर्धं पाणी वाहून जातं आणि जो बर्फ होतो तो जड लगद्यासारखा.

गनखाली मोठमोठे ढीग दिसले आणि कोणी पसरवत नाही म्हणून चिडू नका. ताज्या ढिगात पाणी असतं. ते निथळायला एक-दोन दिवस द्यावे लागतात. घाईनं पसरलं तर सगळा उतार एकाच रात्रीत गोठून टणक होतो.

काही ठिकाणी तर गेल्या हिवाळ्याचाच बर्फ उन्हाळाभर जपून ठेवतात. फिनलंडच्या लेव्हीत आणि स्वित्झर्लंडच्या दाव्होसमध्ये हे चालतं. दाव्होसला लाकडाच्या भुशाखाली राखलेला बर्फ पसरून क्रॉस-कंट्रीचा (सपाटीवरून लांब पल्ल्याच्या स्कीइंगचा) काही किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबरच्या शेवटाला उघडतात. ऑस्ट्रियातल्या झोल्डनला ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड कपच्या शर्यती होतात त्या हिमनदीवर. तिथे खाली दगड नाहीत, बर्फच आहे. तुमच्या रिसॉर्टनं त्यांची बरोबरी करू नये.

मी दहा वर्षं स्की करतोय. परवा 50 सेंटिमीटर पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, पडली. रिसॉर्टचा वरचा, उत्तरेकडचा उतार अजून उघडलेला नाही, पण दिसतोय अप्रतिम. मित्र म्हणतात, पायी चढून जाऊ आणि उतरू. रिसॉर्टचाच भाग आहे, म्हणजे जंगलात जाण्याइतकं धोक्याचं नाही ना?

तितकंच धोक्याचं आहे. माझ्या मते थोडं जास्तच, कारण लिफ्टचे खांब दिसले की माणूस सैलावतो.

उघडा रन सुरक्षित असतो तो पट्रोलनं सुरक्षित केला म्हणून. हंगामभर रोज त्या उतारावर कोणीतरी जातं, स्फोटकं लावून लटकता बर्फ पाडतं, स्कींनी थर तोडतं. न उघडलेल्या उतारावर यातलं काहीही झालेलं नाही. तिथे फक्त खांब उभे आहेत.

आता तो उतार अप्रतिम का दिसतोय ते समजून घ्या. दक्षिणेकडचा जुना बर्फ उन्हानं वितळून गेला. उत्तरेच्या सावलीत पहिल्या बर्फवृष्टीतला पातळ थर तसाच राहिला आणि त्यावर परवाचा 50 सेंटिमीटर बसला. अडचण त्या जुन्या थराची आहे. जमीन अजून उन्हाळ्याची ऊब धरून असते, बर्फाच्या तळाशी तापमान शून्याच्या आसपास राहतं. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे 10 किंवा त्याहून खाली जातो. थर दोन मीटरचा असता तर हा फरक दोन मीटरभर विभागला गेला असता. 30 सेंटिमीटरच्या थरात तो मीटरला 30 अंशांच्या हिशेबानं पडतो, आणि मीटरला 10 अंशांच्या वर गेलं की बर्फाची रचनाच बदलू लागते. तळाची वाफ वर सरकते आणि एकमेकांना धरून बसलेले कण सुटे, कोनदार, साखरेसारखे होतात. मुठीत घेतले तर गोळा वळत नाही, बोटांमधून ओघळतात. त्या सुट्या साखरेवर तुमची पावडर बसली आहे.

म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला जिथे बर्फ शिल्लक आहे, नेमक्या तिथेच तळ सर्वांत कच्चा असतो. दहा वर्षं स्की केलेल्यांनाही हे सांगून पटत नाही, कारण डोळ्यांना उलट दिसतं. चढताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला, किंवा स्कीच्या टोकापासून चीर धावत गेली, तर तळाचा थर बसला असं समजा आणि तसेच मागे फिरा. उतार 30 अंशांहून तीव्र असेल तर तोच थर तुम्हाला घेऊन खाली येतो. हिमलोटाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर आशा असते, नंतर ती फार वेगानं मावळते. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं सगळ्यांकडे असलं आणि सगळ्यांनाही वापरता येत असलं, तरी हंगामाच्या सुरुवातीला त्यात आणखी एक भर पडते. वाहत जाताना खाली मऊ गादी नसते. दगड असतात, खुंट असतात, आडवे पडलेले ओंडके असतात.

हिमलोट सुटला नाही असं धरलं तरी ओंडके जात नाहीत. 50 सेंटिमीटर कोरड्या पावडरमध्ये स्की तरंगत नाहीत, त्या थेट जमिनीजवळ चालतात. एक टोक ओंडक्याखाली अडकलं, शरीर पुढे गेलं, की गुडघा गेला. हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात पट्रोलच्या स्लेजवरून खाली नेलेल्यांमध्ये नवशिके फार नसायचे. चांगले स्की करणारेच जास्त, आणि बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य, ‘दगड दिसलाच नाही.’ दिसणार कसा?

मित्रांना सांगा, थांबा. तुमच्या भागात हिमलोटाचं पत्रक निघत असेल तर ते रोज वाचायची सवय लावा, आणि त्यात ‘तळाचा कच्चा थर’ असे शब्द आहेत तोवर तो उतार खालूनच बघा.

मुलगी सात वर्षांची आहे. पहिल्यांदाच शिकणार. सुरुवातीला तिकिटं स्वस्त असतात म्हणून आत्ताच न्यावं म्हणतोय.

एकच गोष्ट विचारून घ्या, नवशिक्यांचं मैदान उघडलंय का? ते पायथ्याला असतं, म्हणजे तिथे बर्फ सर्वांत शेवटी येतो. उघडलं असेल तर आत्ताइतकी चांगली वेळ नाही. खाली गवत असतं, मॅजिक कार्पेटला, म्हणजे नवशिक्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याला, रांग नसते आणि प्रशिक्षकांना वेळ असतो. उघडलं नसेल आणि कोणी म्हणालं, ‘वर नेऊ, तिथला रन सोपाच आहे,’ तर नको म्हणा. रन सोपा असला तरी त्या अरुंद पट्ट्यावरून सगळे जण वेगानं जात असतात. सात वर्षांचं मूल त्या आवाजालाच घाबरतं आणि एकदा घाबरलं की पुढचा सगळा हिवाळा समजूत घालण्यात जातो. हेल्मेट मापाचं घ्या, ‘पुढच्या वर्षीही होईल’ असं मोठं नको.

नवे स्की घेतलेत. पहिल्या दिवशी नवे नेऊ की जुने?

जुने. नव्यांचा मोह आवरा. जुन्यांच्या तळाला आधीच चरे असतील तर आणखी दोन-चार पडल्यानं काही बिघडत नाही. तळ फाटून आतला गाभा दिसू लागला तर मात्र त्याच दिवशी वापरणं थांबवा. पाणी आत शिरलं की थर सुटू लागतात. वरवरचे चरे दुरुस्तीवाला प्लास्टिक वितळवून भरून देतो. कडांना धार मात्र लावून घ्या, जुन्यांच्यासुद्धा. यंत्राच्या बर्फावर बोथट कडा काही कामाच्या नाहीत. उन्हाळ्यात जाड मेणाचा थर देऊन ठेवला असेल तर तो खरवडायचा राहू देऊ नका, नाहीतर स्की जागच्या हलणार नाहीत.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारी खीळ, दर हंगामाला तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसं स्की करता हे बघून, किती जोर पडला की स्की सुटावी, तो आकडा तो ठरवतो. वजन वाढलं असेल तर खरं सांगा. स्वतःची पातळी फुगवून सांगून बाइंडिंग घट्ट करून घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. पडल्यावर स्की सुटायला हवी तेव्हा त्यांची सुटत नाही. आणि बूट घरी तासभर घालून बसा, जेवताना, बातम्या बघताना. कुठे टोचतं ते लिफ्टवर कळण्यापेक्षा तिथे कळलेलं बरं.

चांगला बर्फ साठला होता, त्यावर काल दिवसभर पाऊस पडला. सगळं वाया गेलं का?

नाही. हळहळू नका. पातळ, कोरड्या थरावर पाऊस पडला तर काही बर्फ जातो हे खरं, पण जो उरतो तो पाणी पिऊन घट्ट होतो. त्यानंतर दोन-तीन रात्री कडक गोठल्या तर तोच थर हंगामभराचा तळ होऊन बसतो. ग्रूमर चालवणारी माणसं अशा पावसाला मनातून फारशी नावं ठेवत नाहीत. फक्त लगेच जाऊ नका. गोठलेला पृष्ठभाग ग्रूमरच्या दात्यांनी फोडून, दळून घ्यावा लागतो, आणि ते एका रात्रीत नीट होत नाही. घाई असेल तर सोमवारऐवजी गुरुवारी जा, धारदार कडा घेऊन.

आणि त्या गुळगुळीत थरावर पुढचा ताजा बर्फ पडेल तेव्हा तो सुरुवातीला त्याला धरत नाही. ग्रूम केलेल्या रनवर त्यानं काही अडत नाही. उतार तीव्र असेल आणि न उघडलेला असेल, तर वरच्या पावडरवाल्यांना दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू.